वर्तमानपत्रांच्या मालकांनी काढलेला जकातीचा पक्ष

फक्त जकातीच्या मुद्द्यावर कोणी राजकीय पक्ष काढेल का? 1930 साली ब्रिटनमध्ये तसा पक्ष निघाला होता. (ही जकात म्हणजे परदेशी मालावरचा सरकारी कर. आपण आपल्या मालमत्तेतून काढतो ती नव्हे.)

'डेली एक्स्प्रेस'चे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक आणि 'डेली मेल'चे मालक लॉर्ड रॉदरमियर यांनी तो फेब्रुवारीत काढला. नाव युनायटेड एम्पायर पार्टी. मागणी अशी, की साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांचा माल बिनजकात घ्यावा आणि बाहेरच्या मालावर कर बसवावा. ऐकायला बरं वाटतं. पण ब्रिटनचं बरंचसं धान्य आणि मांस बाहेरूनच यायचं. अर्जेंटिनाच्या मांसावर कर बसला तर कामगाराचं जेवण महागणार, हे उघड होतं. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते बाल्डविन म्हणूनच कचरत होते. त्यांनी अन्नावरच्या कराबद्दल सार्वमताचं आश्वासन दिलं, आणि बीव्हरब्रुक महिनाभरातच पक्षातून बाजूला झाले. पुढे ते पुन्हा मैदानात उतरलेच.

ऑक्टोबर 1930 मध्ये साउथ पॅडिंग्टनची पोटनिवडणूक त्यांच्या उमेदवाराने 941 मतांनी जिंकली. पुढच्या फेब्रुवारीत ईस्ट इस्लिंग्टनला मतं फुटली आणि फायदा लेबरला झाला. मार्च 1931 मध्ये वेस्टमिन्स्टर सेंट जॉर्जेसला बाल्डविन यांनी दोन्ही मालकांवर थेट हल्ला चढवला. यांना सत्ता हवी, जबाबदारी नको, असा त्याचा रोख होता. बाल्डविन यांचे उमेदवार डफ कूपर 5,710 मतांनी आले आणि पक्ष तिथेच संपल्यात जमा झाला. खपाच्या आकड्यांवर मतं मिळत नाहीत, हे मालकांना तेव्हा कळलं असावं.

आपला यात काय संबंध? हिंदुस्थानही त्याच साम्राज्यात होता. 1930 मध्येच इथे ब्रिटिश कापडावर 15 टक्के आणि इतर परदेशी कापडावर 20 टक्के जकात बसली होती. ती घोषणा शब्दशः लागू झाली असती तर ते 15 टक्के गेले असते आणि मँचेस्टरचं कापड मुंबईच्या गिरण्यांच्या दारात बिनजकात उतरलं असतं.

पक्ष गेला, मागणी मात्र बऱ्याच अंशी राहिली. 1932 मध्ये ब्रिटनने बहुतेक परदेशी मालावर 10 टक्के कर लावला, पण अन्नधान्य आणि मांस त्यातून वगळलं. त्याच वर्षी कॅनडात ओटावाला साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांना सवलती देण्याचे करार केले. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात कराचीचे व्यापारी हाजी अब्दुल्ला हारून होते. पण ते शिष्टमंडळ सरकारने नेमलेलं होतं, लोकांनी निवडलेलं नव्हतं.