गाडीचा डोम खाली घेताय? पट्टी घरीच बनवा, पण आधी हेडलाइटचा उजेड मोजून ठेवा

हौस म्हणा की गरज, मोटारसायकलचा पुढचा डोम दोन-तीन सेंटीमीटर खाली घ्यायचं काम गावागावातल्या गॅरेजवर चालतं. कुणाला गाडी पुढून बसकी दिसायला हवी असते. कुणाचा डोम पडून फुटलेला असतो आणि आणलेल्या डुप्लिकेट डोमची भोकं मूळ जागेवर बसत नाहीत. कुणी हँडल बदललेलं असतं, मग डोमची वरची कड मीटरच्या आड येते. काम अवघड नाही. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे, ड्रिल आणि दहा नंबरचा पाना एवढ्यावर भागतं. पण या कामात एक गोष्ट चुकली तर ती दिवसा कळत नाही, रात्री कळते.

आधी आपल्या गाडीचा डोम कशावर बसलाय ते बघा. स्प्लेंडर, पल्सर 150 सारख्या गाड्यांत डोम आणि हेडलाइट पुढच्या चिमट्यावर असतात, हँडलबरोबर वळतात. पल्सर 220 सारख्या गाडीत पुढचं मोठं कव्हर चेसिसला पक्कं असतं, हँडल वळलं तरी ते जागचं हलत नाही. अशा गाडीत कव्हर हलवलं तर हँडल, लिव्हर आणि बोटं त्यात अडकू शकतात. तिथं घरगुती पट्टीच्या भानगडीत पडू नये असं आमचं मत आहे. पुढची माहिती चिमट्यावरच्या डोमसाठी आहे.

आता मुख्य मुद्दा, उजेडाचा. हेडलाइट जमिनीपासून साधारण 90 सेंटीमीटर उंच असतो आणि किंचित खाली झुकवलेला असतो. दर 10 मीटरला 10 सेंटीमीटर खाली, असा झुकाव धरला तर उजेड 90 मीटरपर्यंत पोचतो. डोम सरळ अडीच सेंटीमीटर खाली घेतला तर हेच अंतर 87 मीटरच्या आसपास येतं, म्हणजे फार फरक नाही. पण पट्टीची भोकं चुकून डोम पुढं झुकला तर? वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये 10 सेंटीमीटर अंतर आहे आणि एका भोकात फक्त 2 मिलिमीटरची चूक झाली, तर उजेड 90 ऐवजी 30 मीटरवरच जमिनीला टेकतो. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते. पुढं काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. उरलेल्या 13 मीटरमध्ये गाडी थांबत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली रस्त्यात उभी असते, तेव्हा हा हिशोब कागदावरचा राहत नाही.

म्हणून डोम खोलायच्या आधीच खूण करा. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा, स्टँडवर नको, एकाने वर बसा. डिमवर लाइट लावून भिंतीवरच्या उजेडाची वरची कड खडूने आखा. काम झाल्यावर त्याच जागी, त्याच माणसाला बसवून, चाकातली हवा तेवढीच ठेवून पुन्हा बघा. डोम अडीच सेंटीमीटर खाली घेतला असेल तर कडही तेवढीच खाली यायला पाहिजे. ती वीतभर खाली गेली असेल तर डोम झुकलाय. हेडलाइट वर-खाली करायच्या बोल्टने थोडाफार फरक निघतो. नाही निघाला तर पट्टी पुन्हा बनवा.

पट्टीसाठी 3 मिलिमीटर जाडीची, इंचभर रुंद लोखंडी पट्टी घ्या. अॅल्युमिनियम हलकं असतं खरं, पण आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी ते वाकलेल्या जागी तडकतं. आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साचा कापा, गाडीला लावून बघा, मगच लोखंडाला हात घाला. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकमेकींवर धरून एकदमच भोकं पाडा, म्हणजे डावी-उजवी सारखी येते. सहा एमएमच्या बोल्टला साडेसहाचं भोक पुरतं. कोपरे कानशीने गोल करा, नाहीतर वायरिंग कापलं जातं. बोल्टखाली जुन्या ट्यूबचं रबर आणि वॉशर, वरून लॉकनट. गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात मारा.

चिमट्याला किंवा चेसिसला वेल्डिंग मारू नका, नवीन भोकही पाडू नका. मिस्त्री म्हणाला तरी नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंडाची ताकद कमी होते, आणि चिमटा तुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

डोम बसवल्यावर तीन गोष्टी तपासा. खड्ड्यात पुढचे शॉकअप पूर्ण दबतात तेव्हा मडगार्ड दहा-बारा सेंटीमीटर वर येतं. ते डोमला किंवा पट्टीला लागता कामा नये. मोकळ्या जागेत गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा. वळवताना इंजिनचा आवाज वाढला तर अॅक्सिलेटरची केबल ताणली जातेय असं समजा. क्लचची केबल आणि डिस्कचा पाइप कुठं दबतोय का तेही बघा. आणि पुढची नंबरप्लेट डोमच्या आड जात नाही ना, तेही पाहा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. नियमाबाहेरच्या बदलाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बोल्टने लावलेली आणि खोलून काढता येणारी पट्टी ही चेसिस कापण्यासारखी नव्हे. तरी रस्त्यात वाद कोण घालणार? मूळ क्लॅम्प आणि बोल्ट पिशवीत बांधून घरी जपून ठेवा, गाडी विकतानाही ते लागतील.

पहिले आठ दिवस गाडी चालवून झाली की सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने आवळा. रबर बसतं आणि नट ढिले पडतात. खडीच्या रस्त्याचं गाव असेल तर चार दिवसांतच बघा.