आयुर्वेद अध्यापनात डिजिटल साधने : उपयोग आणि मर्यादा

शास्त्रज्ञान दृढ होण्याचे तीन उपाय चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. या तिन्हींत शिष्य हा केवळ श्रोता नाही. तो पाठ करतो, दुसऱ्यास समजावून सांगतो आणि जाणत्यांशी चर्चा करतो. आपल्या महाविद्यालयांत मात्र दीर्घकाळ व्याख्यानावरच भर राहिला. पुढे फळ्याच्या जागी प्रोजेक्टर आला, तरी पुष्कळ ठिकाणी फळ्यावरील मजकूर तेवढा पडद्यावर गेला आणि विद्यार्थी पूर्वीप्रमाणेच उतरवून घेत राहिला. साधन बदलले, पद्धती बदलली नाही.

या विषयाचा विचार आज आवश्यक होण्यास कारणे आहेत. आपल्या नाशिक नगरीत १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरातील आयुर्वेद महाविद्यालये संलग्न आहेत. मार्च २०२० नंतर करोनाच्या साथीत वर्ग बंद पडले आणि व्याख्याने मोबाईलच्या पडद्यावर आली. २०२० च्या कायद्याने केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या जागी राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाची तरतूद झाली. या आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार बी. ए. एम. एस. चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम प्रत्येकी अठरा महिन्यांच्या तीन व्यावसायिक सत्रांत विभागला गेला, व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष व कृतियुक्त शिक्षणाला अधिक तास मिळाले आणि ऐच्छिक विषय ऑनलाइन पूर्ण करण्याची योजना आली. तेव्हा ही साधने वापरावीत की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. कोठे वापरावीत आणि कोठे थांबावे, हा खरा प्रश्न आहे.

इंद्रियांचा निकष

याचे उत्तर आपल्या शास्त्रातच सापडते. पाच ज्ञानेंद्रियांच्या विषयांपैकी शब्द आणि रूप हे दोनच पडदा वाहून नेऊ शकतो. स्पर्श, रस आणि गंध त्याच्या कक्षेबाहेर आहेत. रोग्याची प्रत्यक्ष परीक्षा रसनेंद्रिय वगळता अन्य इंद्रियांनी करावी, असे चरकाचार्य सांगतात. म्हणजे रुग्णपरीक्षेत चार इंद्रियांचे काम आहे आणि पडदा त्यांपैकी दोघांनाच साहाय्य करतो.

औषधनिर्माते ज्याच्याशी नित्य परिचित आहेत त्या स्नेहपाकाचे उदाहरण घेऊ. कल्क अग्नीवर टाकला असता तडतड आवाज न होणे हे सिद्धीचे एक लक्षण. तैल सिद्ध होताना फेस येतो, तर घृत सिद्ध होताना फेस शमतो, हे दुसरे. ही दोन्ही लक्षणे चित्रफितीत उत्तम टिपता येतात. एरवी कढईभोवती वीस विद्यार्थी उभे राहिले, तर पुढच्या चौघांनाच फेस दिसतो. चित्रफीत ती घटिका सर्वांना दाखवते आणि हवी तितक्या वेळा दाखवते. परंतु कल्काची बोटांवर वर्ती वळते किंवा नाही, ती किती मऊ अथवा कठीण आहे, पाकाचा गंध कसा आला आहे, हे चित्रफितीतून कळणे अशक्य आहे. मृदू पाक नस्यासाठी आणि खर पाक अभ्यंगासाठी, हा भेद बोटांनीच ओळखावा लागतो. म्हणून चित्रफीत आधी पाहावी आणि प्रात्यक्षिकाचा वेळ हातांसाठी राखावा. हा क्रम उलटला की पाहिले म्हणजे आले असा भ्रम निर्माण होतो.

उपयोगाची क्षेत्रे

१. संहिता अध्ययन : हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थानाने चरक, सुश्रुत, माधवनिदान आणि निघंटू संगणकावर शोधता येतील अशा स्वरूपात उपलब्ध करून दिले आहेत. ‘आम’ हा शब्द चरकसंहितेत कोठे कोठे आला आहे ते शोधा आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ संदर्भाने सांगा, असे काम दिल्यास विद्यार्थी टिपणांकडून मूळ ग्रंथाकडे वळतो. शोध यंत्र करते, अर्थ मात्र विद्यार्थ्यालाच लावावा लागतो.

२. प्रश्नोत्तरे : व्याख्यानाच्या मध्यावर मोबाईलवर तीन प्रश्न द्यावेत. उत्तरे तत्काळ एकत्र दिसतात आणि वर्ग कोठे अडला ते अध्यापकास कळते. मागील बाकावरील लाजाळू विद्यार्थीही त्यात सहभागी होतो. मात्र प्रश्न पाठांतराचे नसून लक्षणांवरून संप्राप्ती विचारणारे असावेत.

३. द्रव्यपरिचय : अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या वनस्पती सहलीत प्रत्येकाने एका वनस्पतीचे पान, फूल, फळ व साल यांचे स्वतः छायाचित्र घ्यावे, दिनांक व स्थळ नोंदवावे आणि पुढील ऋतूत तीच वनस्पती पुन्हा टिपावी. वर्षअखेरीस वर्गाचा स्वतःचा सचित्र संग्रह तयार होतो.

४. तद्विद्यसंभाषा : एकाच रुग्णवृत्तावर दोन गटांनी आपापले निदान आधी लिहून पाठवावे आणि नंतर वर्गात त्यावर संधाय संभाषा घडवावी. दूरच्या गावातील अनुभवी वैद्यही त्यात ऑनलाइन सहभागी होऊ शकतात.

मर्यादा

सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात छेद्यकर्माचा अभ्यास कोहळा, भोपळा यांसारख्या फळांवर, तर भेद्यकर्माचा अभ्यास पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर करावयास सांगितला आहे. अनुकृतीवर शिकणे आपल्या परंपरेला नवे नाही. मात्र त्या अनुकृतीत हाताला प्रतिकार जाणवत असे, पडद्यावर तो जाणवत नाही. नाडीपरीक्षा, उदरस्पर्शन, बस्तीद्रव्याचे एकजीव होणे या गोष्टी गुरूच्या शेजारी उभे राहूनच शिकाव्या लागतात. शास्त्र भाराप्रमाणे वाहणाऱ्यास सुश्रुतसंहितेत चंदनवाही गाढवाची उपमा दिली आहे. शेकडो चित्रफिती साठविलेला पण कल्क एकदाही हाती न घेतलेला पदवीधर त्या उपमेपासून दूर नाही.

आपले कर्तव्य

हा विषय केवळ अध्यापकांचा नाही. हाच पदवीधर उद्या आपल्या चिकित्सालयात साहाय्यक म्हणून आणि आपल्या औषधालयात द्रव्यपरीक्षक म्हणून येणार आहे. अशोकाच्या सालीत शोभेच्या उंच अशोकाची साल मिसळली जाते, हे सर्व औषधालयचालक जाणतात. छायाचित्रात फसगत होऊ शकते. तेव्हा औषधालयचालकांनी अस्सल व भेसळयुक्त नमुन्यांच्या जोड्या जवळच्या महाविद्यालयास द्याव्यात, पाकप्रक्रियेचे चित्रीकरण करू द्यावे आणि दोन-चार विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कढईपाशी उभे करावे. वैद्यांनी निवडक रुग्णवृत्ते नाव व ओळख वगळून अध्यापनासाठी उपलब्ध करावीत. रुग्णाचे छायाचित्र वा चित्रीकरण त्याच्या लेखी संमतीविना घेऊ नये. वैद्यकीय नीतीस ते धरून आहेच, शिवाय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदाही झाला आहे.

यंत्राने शब्द आणि रूप सांभाळावे. स्पर्श, रस आणि गंध यांची जबाबदारी आपण घ्यावी. एवढी विभागणी स्पष्ट असली, तर वर्गातील पडदा आणि औषधालयातील कढई परस्परांस पूरक ठरतील.