विद्युत्प्रवाहाचे मापन आणि मापकाचा मंडलावरील परिणाम

विभवांतर मोजताना व्होल्टमापक मंडलाच्या दोन बिंदूंना बाहेरून जोडला की काम भागते. प्रवाह मोजण्यासाठी मात्र सामान्यतः मंडल एका ठिकाणी तोडून प्रवाहमापक एकसर जोडावा लागतो. असा मापक मंडलाचाच घटक बनतो व त्याचा रोध मंडलाच्या रोधात मिळतो. म्हणून मोजला जाणारा प्रवाह हा मापक जोडल्यानंतरचा होय, मूळचा नव्हे. हा भेद पुष्कळदा उपेक्षणीय असतो. तो केव्हा उपेक्षणीय नसतो हे ओळखणे, हेच साधनाच्या निवडीचे मर्म आहे.

उदाहरणार्थ, ३ व्होल्टच्या सेलवर चालणारे एक नोंदयंत्र घेऊ. ते निद्रावस्थेत ५ मायक्रोअँपिअर व संदेश पाठविताना क्षणभर १५ मिलिअँपिअर प्रवाह घेते. मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर श्रेणीतील रोध १०० ओहम मानल्यास निद्रावस्थेतील विभवपात अवघा ०.५ मिलिव्होल्ट होतो. परंतु यंत्र जागे होताच तोच पात १.५ व्होल्टवर जातो. उरलेल्या १.५ व्होल्टवर, किमान १.८ व्होल्टची अपेक्षा असलेला मायक्रोकंट्रोलर बंद पडून पुनःपुन्हा सुरू होतो. दोष मापनाचा असतो. संशय मात्र आज्ञावलीवर येतो. उलट, १ ओहमची श्रेणी निवडल्यास यंत्र सुरळीत चालते, पण निद्राप्रवाहामुळे मिळणारे ५ मायक्रोव्होल्ट साध्या मापकास जाणवत नाहीत. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. २२० मिलिअँपिअर-तास धारणेचा सेल केवळ ५ मायक्रोअँपिअर प्रवाहास हिशेबाने सुमारे पाच वर्षे पुरतो. तोच प्रवाह ५० असल्यास सहा महिने.

दुसरा मार्ग म्हणजे अल्प रोधाचा शंट व त्यावरील विभवपात वाढविणारा प्रवर्धक. आयएनए २१९ या एकात्मिक मंडलाबरोबर बहुधा ०.१ ओहमचा शंट वापरतात. त्याची सूक्ष्मतम पायरी १० मायक्रोव्होल्टची, म्हणजे ०.१ मिलिअँपिअरची असते. तेव्हा मोटार किंवा दिवे यांसाठी ते उत्तम. वरील निद्राप्रवाहासाठी निरुपयोगी. शंट जितका लहान, तितकी जोडणीची काळजी अधिक. १० मिलिओहमच्या शंटशी सांध्याचा १ मिलिओहम मिळाला तरी १० टक्के चूक होते. यासाठी प्रवाहाची दोन टोके व मापनाची दोन टोके वेगळी ठेवावी लागतात. शंट तांब्याचा असल्यास दर अंश सेल्सिअसला त्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्यांनी बदलतो. मँगॅनिनचा बदल अत्यल्प असतो. शंट भूबाजूस ठेवणे सोपे, पण त्यामुळे भाराचा भूबिंदू वर उचलला जातो. धनबाजूस ठेवल्यास हा दोष टळतो.

एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यात जो परिणाम पाहिला, त्यावर तिसरा मार्ग आधारलेला आहे. येथे प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र मोजले जाते. त्यामुळे मापनाचे मंडल मुख्य मंडलापासून विद्युतदृष्ट्या अलग राहते. एसीएस ७१२ मधील वाहकाचा रोध केवळ सुमारे १.२ मिलिओहम असतो. त्याच्या ५ अँपिअरच्या प्रकारात दर अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट मिळतात. ५ व्होल्टच्या दहा-बिट परिवर्तकाची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे सुमारे २६ मिलिअँपिअरची ठरते. शिवाय शून्य प्रवाहाचे दर्शन पुरवठ्याच्या निम्म्यावर असल्याने पुरवठा हलला की शून्यही हलते, आणि जवळचे चुंबक वाचनात भर घालतात. प्रवाह प्रत्यावर्ती असल्यास ट्रान्सफॉर्मरही असेच अलगत्व देतो; एकदिश प्रवाहास तो निरुपयोगी.

सारांश, केवळ महत्तम प्रवाह पाहून साधन निवडू नये. लघुतम व महत्तम प्रवाहांचे गुणोत्तर आणि मंडलास सोसवणारा विभवपात, या दोहोंचा विचार आधी करावा. प्रबंधातील प्रवाहाच्या आकड्यासोबत मापकाचा रोधही नोंदविलेला असावा. त्यावाचून तो आकडा तपासता येत नाही.