सोलापूरच्या उन्हात स्वस्तातला रेडिओ

साध्या रेडिओत स्टेशन पकडायचं काम सुटे भाग करतात. सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओत ते बहुतेक कॉम्प्युटरच करतो. 2012 मध्ये हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की टीव्ही बघायच्या यूएसबी डोंगलमधली आरटीएल2832यू चिप यासाठी चालते. तेव्हापासून हा शौक सामान्य घरांच्या आवाक्यात आला.

पण पोरांना डोंगल घेऊन देताना आतला क्रिस्टल कसला आहे ते विचारा, असं आम्ही सांगतो. मे महिन्यात आपल्या गच्चीवर पारा चाळिशी ओलांडतो, साधा क्रिस्टल तापतो आणि स्टेशन सरकतं. दहा लाखांत 50 भागांची चूक किरकोळ वाटते ना? अंतराळ स्थानकावरचा हौशी रेडिओ 437.8 मेगाहर्ट्झवर ऐकायचा तर हीच चूक 22 किलोहर्ट्झच्या घरात जाते, आवाज भलतीकडेच! अँटेना तांब्याच्या तारेची घरी करा, तिथं पैसे वाचवा. तापमान सांभाळणाऱ्या ‘टीसीएक्सओ’ क्रिस्टलवर वाचवू नका.

स्वतः बोर्ड बनवायचाय? मायकल ऑसमन यांनी ‘हॅकआरएफ वन’चं पूर्ण डिझाइन खुलं ठेवलंय. बाहेरचं अचूक घड्याळ जोडायची सोय त्यात कशी केलीय, ते पॉलिटेक्निकच्या मुलांनी जरूर बघावं. मात्र तो बोर्ड प्रक्षेपणही करतो, आणि विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. हौशी रेडिओच्या परवान्याची सरकारी परीक्षा वयाच्या 12 व्या वर्षापासून देता येते. घरातल्या मुलींनाही बसवा.