इपॉक्सी रेझिनचे दृढीभवन आणि अपवर्तनांक मापन : उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
इपॉक्सी रेझिनचा वापर आसंजक, विद्युतरोधक तसेच तंतू-प्रबलित पदार्थांतील बंधक म्हणून केला जातो. द्रवरूप रेझिनमध्ये हार्डनर मिसळल्यानंतर मिश्रण क्रमाक्रमाने घट्ट होऊन घनरूप धारण करते. या प्रक्रियेस दृढीभवन किंवा क्युरिंग असे म्हणतात. हाताला कठीण लागणाऱ्या नमुन्यातील अभिक्रिया पूर्ण झालेली असतेच असे नाही आणि अपुरे दृढीभवन झालेला सांधा उष्णतेने लवकर मऊ पडतो. त्यामुळे अभिक्रियेच्या प्रगतीचे मापन आवश्यक ठरते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटर यासाठी उपयोगी पडू शकतो.

सैद्धांतिक आधार :
अमाइन गटातील हायड्रोजनमुळे इपॉक्सी वलय उघडते आणि रेणूंमध्ये सहसंयुज बंध निर्माण होतात. रेणू एकमेकांच्या अधिक निकट आल्याने आकारमान घटते व घनता वाढते. लॉरेन्ट्झ-लॉरेन्झ संबंधानुसार, अपवर्तनांकाच्या वर्गातून १ वजा करून येणाऱ्या संख्येस त्याच वर्गात २ मिळवून येणाऱ्या संख्येने भागल्यास मिळणारे गुणोत्तर घनतेच्या समप्रमाणात असते. मोलर अपवर्तन जवळजवळ स्थिर राहते असे गृहीत धरल्यास अपवर्तनांकातील वाढ ही घनतेतील वाढीची निदर्शक ठरते.

उदाहरणार्थ, मिश्रणाचा अपवर्तनांक १.५६ असून घनता ३ टक्क्यांनी वाढली, तर अपवर्तनांक सुमारे ०.०२ ने वाढेल. अ‍ॅबे रिफ्रॅक्टोमीटरची अचूकता साधारणतः ०.०००२ असल्याने हा बदल त्याच्या शंभरपट आहे.

मापनपद्धती :
अ‍ॅबे उपकरण क्रांतिक कोनाच्या तत्त्वावर चालते आणि त्यावरील वाचन सोडियमच्या ५८९.३ नॅनोमीटर तरंगलांबीसाठी दिलेले असते. मात्र मिश्रण प्रिझमवरच घट्ट झाल्यास प्रिझम कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून प्रारंभीच्या द्रव अवस्थेतील वाचन घेऊन प्रिझम त्वरित स्वच्छ करावा. पुढील अवस्थांसाठी सपाट व चकचकीत घन नमुने वेगळे तयार करून, नमुना व प्रिझम यांमध्ये मोनोब्रोमोनॅफ्थॅलीनसारखा अधिक अपवर्तनांकाचा (सुमारे १.६६) संपर्कद्रव वापरावा.

सलग नोंदीसाठी प्रकाशीय तंतूचे कापलेले टोक मिश्रणात बुडवता येते. टोकावरून परावर्तित होणारा प्रकाश तंतू व रेझिन यांच्या अपवर्तनांकांतील फरकावर अवलंबून असतो. सिलिका तंतूपेक्षा रेझिनचा अपवर्तनांक अधिक असल्याने, दृढीभवनाबरोबर परावर्तन वाढत जाते.

निरीक्षणांचा अन्वयार्थ :
येथे तापमान हा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. द्रव इपॉक्सीचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००३ ते ०.०००४ ने घटतो. अभिक्रिया उष्मादायी असल्याने नमुना १० अंशांनी तापल्यास ०.००३ ते ०.००४ इतकी घट होऊन खरी वाढ झाकली जाते. म्हणून पातळ थर, स्थिर तापमान आणि तापमानाची स्वतंत्र नोंद या तिन्ही बाबी अनिवार्य आहेत.

जेल अवस्था अपवर्तनांकाच्या आलेखावर ठळकपणे दिसत नाही, कारण त्या वेळी विष्यंदिता झपाट्याने वाढली तरी घनतेत एकाएकी बदल होत नाही. समप्रमाणात मिसळलेल्या द्विकार्यी इपॉक्सी व चार सक्रिय हायड्रोजन असलेल्या अमाइनसाठी सैद्धांतिक जेलबिंदू सुमारे ५८ टक्के अभिक्रियेस येतो. म्हणजे मिश्रण वाहणे थांबल्यानंतरही बरीच अभिक्रिया शिल्लक असते.

पुढे आलेख सपाट होतो, तोही पूर्णत्वाचा पुरावा नव्हे. काचीभवनामुळे रेणूंची हालचाल मंदावून अभिक्रिया मध्येच खुंटलेली असू शकते. तापमान वाढवल्यास ती पुन्हा सुरू होते. उलट, उच्च तापमानास दृढ करून थंड केलेल्या काही नमुन्यांची घनता किंचित कमीही आढळते. त्यामुळे केवळ अंतिम अपवर्तनांकावरून निर्णय घेणे योग्य नाही.

निष्कर्ष :
अपवर्तनांक मापन ही अल्पखर्चिक आणि संवेदनशील पद्धत आहे. परंतु ती प्रत्यक्षात घनतेतील बदल दर्शविते, रासायनिक बंधांची गणना करीत नाही. अवरक्त वर्णपटमिती किंवा उष्मामितीच्या साहाय्याने एकदा प्रमाणीकरण केल्यास, त्याच मिश्रणाच्या व त्याच तापमानावरील पुढील अभ्यासासाठी ही पद्धत विश्वासार्ह ठरते.