सातही दिवस धावणारी बस

समजा, हिंजवडीच्या फेज थ्रीमध्ये नुकत्याच लागलेल्या एका पोराला काम मिळालं: शनिवार किंवा रविवार नसेल तेव्हाच कंपनीची बस सोडायची. मराठी म्हणून या वाक्यात काहीच खोट नाही. पोरानं ते जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये उतरवलं: आज शनिवार नसेल किंवा आज रविवार नसेल, तर बस सोड. 'किंवा'च्या जागी त्यानं दोन उभ्या रेघा मारल्या, ||. झालं! बस सातही दिवस वाकडच्या पुलाखाली हजर. कारण शनिवारी 'आज रविवार नाही' हे खरं असतं आणि रविवारी 'आज शनिवार नाही' हे खरं असतं. दोहोंपैकी एक खरं निघालं की || खूश.

तिथं && हवं होतं, म्हणजे 'आणि'. तर्कशास्त्राच्या चिन्हांत हे असं दिसतं:

¬(श ∨ र) = ¬श ∧ ¬र

¬ म्हणजे 'नाही', ∨ म्हणजे 'किंवा', ∧ म्हणजे 'आणि'. नकार कंसात शिरला की 'किंवा'चा 'आणि' होतो. या नियमाला ज्यांचं नाव आहे ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याच मदुराईत जन्मले. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. नियम मात्र घरोघरी ठाऊक असतो. पाहुणा म्हणाला, "चहा किंवा कॉफी काही नको," तर दोन्ही नकोत हे सांगायला डी मॉर्गन लागत नाहीत.

∨ हे चिन्ह 'वेल' या लॅटिन शब्दाच्या आद्याक्षरावरून आलं. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या १९१० पासून निघालेल्या 'प्रिन्किपिया मॅथेमॅटिका'नं ते रुळवलं. लॅटिनमध्ये 'किंवा'ला दोन शब्द: 'वेल' ऐसपैस, दोन्ही असले तरी चालेल असा, 'आउट' बहुधा हे नाहीतर ते असा. आपला 'किंवा' दोन्ही कामं एकटा करतो. 'आधार किंवा पासपोर्ट आणा' म्हटल्यावर दोन्ही नेले तर कुणी परत पाठवत नाही. थाळीत 'गुलाबजाम किंवा श्रीखंड' असेल तर दोन्ही मागून बघा. भाडेकरारात वकील 'आणि/किंवा' लिहितात. त्या अवजड जोडशब्दाला आपण हसतो, पण तो नेमका ∨ आहे. आणि 'व' नि 'वा' यांत तर एका कान्याचंच अंतर!

मग कोडमध्ये ∨ का दिसत नाही? कीबोर्डवर तो नव्हता. १९६१ मध्ये बॉब बेमर यांनी संगणकाच्या अक्षरसंचात \ ही उलटी तिरकी रेघ आणली, ती /\ आणि \/ जोडून ∧ नि ∨ लिहिता यावेत म्हणून. पुढे डेनिस रिची यांच्या सी भाषेनं && आणि || वापरले, आणि आज हिंजवडीतल्या बहुतेक पडद्यांवर तेच दिसतात.

उलटा घोटाळाही होतो. मॅनेजर सहज म्हणतात, "वाकड आणि बाणेरला राहणाऱ्यांची यादी काढ." आपल्याला ऐकूनच कळतं, दोन्हीकडची माणसं हवीत. पोरगं इमानदारीत 'आणि' लिहितं. संगणक एकेक कर्मचारी तपासतो: पत्ता वाकड आहे का, आणि त्याच वेळी बाणेर आहे का? यादी कोरी येते. इथं मराठीतल्या 'आणि'साठी त्याच दोन उभ्या रेघा माराव्या लागतात.