आइस्क्रीम दुधाचे की तेलाचे?

१४ एप्रिलला पुणे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी भर उन्हात गर्दी लोटते. लेकरे काडीवरच्या चॉकलेटी आइस्क्रीमसाठी हट्ट धरतात, आईबाप घेऊन देतात. द्यावेच! पण वेष्टनावर ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’, हे किती जण पाहतात?

फरक कायद्याचा आहे. साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाची भुकटी असली तरी स्निग्धांश वनस्पती तेलाचा चालतो. वरच्या चॉकलेटी थरातही पुष्कळदा कोको बटरऐवजी तेच. हे काही विष नव्हे. २०१७ साली अमूलच्या जाहिरातीने ‘वनस्पती’चा बागुलबुवा उभा केला, तेव्हा हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ती जाहिरात रोखली. दोन धनदांडग्यांचा तंटा मिटला. खाणाऱ्याच्या पदरात काय पडले?

तेल असल्याचे वेष्टनावर छापावे लागते, हे खरे. पण इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठीची सक्ती नाही. त्यात अक्षर मुंगीएवढे. धुणीभांडी करणाऱ्या आईने ते वाचायचे कसे? पदार्थ शाकाहारी आहे की नाही, हे मात्र अक्षर न वाचताही कळते. त्यासाठी हिरवा ठिपका सक्तीचा आहे! दुधाच्या आइस्क्रीमवर तोच ठिपका, तेलाच्यावरही तोच. सोवळ्याची एवढी काळजी, आणि गरिबाच्या दहा-वीस रुपयांची?

जयंती मंडळांनी मराठी अक्षरांची आणि वेगळ्या खुणेची मागणी दिल्लीच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे लेखी करावी. आइस्क्रीम सांगून दुसरेच माथी मारले, तर वेष्टन आणि पावती जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

जय भीम!